कमालुद्दीन बिहजाद

कमालुद्दीन बिहजाद (जन्म : हेरात, सुमारे १४५५ ते १४६०, मृत्यू : हिजरी ९४२, म्हणजे इ.स. १५३५–३६) हा इराणी हस्तलिखितांतील लघुचित्रकलेचा सर्वांत ख्यातनाम चित्रकार होय. तैमुरी घराण्याच्या अखेरच्या वैभवकाळात हेरात येथे आणि पुढे सफवी राजवटीत तब्रीझ येथे त्याने काम केले. सादी, अत्तार, निजामी अशा फार्सी कवींच्या ग्रंथांसाठी काढलेली चित्रे ही त्याच्या कीर्तीचा पाया आहेत. त्याचे नाव बेहजाद, बेहझाद असेही लिहिले जाते. या शब्दाचा अर्थ कुलीन, चांगल्या घरी जन्मलेला असा होतो.

बिहजादच्या नावावर सांगितली जाणारी चित्रे शेकड्यांनी आहेत. अभ्यासक एकमुखाने मान्य करतात अशी चित्रे मात्र फारच थोडी. त्यांत कैरो येथे असलेल्या सादीच्या 'बोस्तान'च्या सुशोभित प्रतीचे स्थान पहिले आहे.

बालपण आणि गुरू

हेरात हे शहर आज पश्चिम अफगाणिस्तानात आहे. पंधराव्या शतकात ते खोरासान प्रांताची राजधानी होते. तैमूरचा मुलगा शाहरुख आणि नातू बायसुंघर यांनी तेथे ग्रंथनिर्मितीची मोठी परंपरा उभी केली होती. सुलेखनकार, सोन्याचे वेलबुट्टीकाम करणारे कारागीर, चित्रकार आणि बांधणीकार एका छताखाली काम करीत. या जागेला किताबखाना म्हणत. त्याला नुसते ग्रंथालय समजणे योग्य होणार नाही. मराठ्यांच्या दप्तरांतून आपल्या परिचयाचा असलेला 'कारखाना' हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो.

बिहजाद लहानपणीच पोरका झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार व सुलेखनकारांची चरित्रे लिहिणाऱ्या काझी अहमद याच्या सांगण्यानुसार, मीरक नक्काश या चित्रकाराने त्याला सांभाळले आणि वाढवले. मीरक पुढे सुलतान हुसेन बायकरा याच्या किताबखान्याचा प्रमुख झाला. तो मोठा कलावंत होता आणि व्यायामाचाही शौकीन होता. एका जागी बसून काम करणे त्याला फारसे मानवत नसे. सुलतान अलींसारखे शिस्तीचे सुलेखनकार आणि मीरकसारखा मोकळा चित्रकार अशा मंडळींच्या सहवासात बिहजादची घडण झाली. तब्रीझच्या पीर सय्यद अहमद या चित्रकाराकडेही त्याने धडे घेतल्याचे उस्मानी लेखक मुस्तफा अली याने नमूद केले आहे.

बाबराचा मावसभाऊ मिर्झा हैदर दुघलात याने आपल्या 'तारीख-ए-रशीदी' या ग्रंथात गुरुशिष्यांची तुलना केली आहे. मीरकची रेखाटने त्याला अधिक पक्व वाटतात, पण सफाईत बिहजाद सरस वाटतो. शाह मुजफ्फर या दुसऱ्या समकालीन चित्रकाराचा कुंचला बिहजादपेक्षा नाजूक असला, तरी रेखाटनात आणि मांडणीत बिहजादच वरचढ, असाही त्याचा निवाडा आहे. ही मते समकालीन जाणकाराची असल्यामुळे पुढच्या शतकांतील आंधळ्या स्तुतीपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे.

हेरातचा दरबार

सुलतान हुसेन बायकरा याने १४६९–७० पासून १५०६ पर्यंत हेरातवर राज्य केले. राज्यविस्ताराच्या दृष्टीने त्याची कारकीर्द मोठी नव्हती. तैमूरच्या साम्राज्याचे तुकडे पडले होते आणि उत्तरेला उझबेक टोळ्या बळावत होत्या. पण या काळात हेरातमध्ये जमलेली मंडळी पाहिली की नवल वाटते. 'मसनवी' परंपरेतील शेवटचा थोर फार्सी कवी अब्दुर्रहमान जामी (१४१४–१४९२), चगताई तुर्कीचा श्रेष्ठ कवी आणि सुलतानाचा बालमित्र मीर अली शीर नवाई (१४४१–१५०१), इतिहासकार मीरख्वांद आणि त्याचा नातू ख्वांदमीर, नस्तालिक लिपीचा अग्रगण्य सुलेखनकार सुलतान अली मशहदी हे सारे एकाच शहरात राहत होते आणि एकमेकांना ओळखत होते.

जामी आणि नवाई हे दोघेही नक्शबंदी सूफी पंथाचे अनुयायी होते. नवाईला लहानपणापासून अत्तारच्या काव्याचे वेड होते. उतारवयात, १४९९ च्या सुमारास, त्याने अत्तारच्या पक्षिकथेला उत्तरादाखल 'लिसान-उत-तैर' हे तुर्की काव्य लिहिले. बिहजाद आधी नवाईच्या आणि नंतर सुलतानाच्या आश्रयाला होता. म्हणजे ज्या गूढवादी काव्याला तो चित्ररूप देत होता, त्याचे रसिक आणि अर्थ सांगणारे त्याच्या भोवतीच वावरत होते. ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या चित्रांतील बारकावे उलगडत नाहीत.

ग्रंथाची घडण

अशा ग्रंथात चित्रकाराचा हात सर्वांत शेवटी लागे. प्रथम कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घोटत. मग सुलेखनकार बोरूने काव्य लिहून काढी आणि चित्रासाठी नेमकी जागा कोरी ठेवी. कोणत्या कथेला चित्र द्यायचे, ते पानावर कोठे यायचे आणि त्याच्या वर-खाली कोणती कडवी यायची हे चित्रकाराने कुंचला उचलण्यापूर्वीच ठरलेले असे. सुशोभनकार सोन्याने आणि निळ्या रंगाने शीर्षके व वेलबुट्टी रंगवी. चित्रकाराच्या वाट्याला तळहातापेक्षा थोडा मोठा चौकोन येई.

निळ्यासाठी बदख्शानच्या खाणीतील राजावर्त, लालसाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ, हिरव्यासाठी जंगाल असे रंग वापरले जात. सोन्याचा वर्ख खलून त्याची शाई करीत. कुंचला प्राण्यांच्या अगदी मऊ केसांचा असे. छायाप्रकाश दाखवण्याची पद्धत नव्हती. मध्यरात्रीचा प्रसंगही दिवसासारखा उजळ रंगवला जाई आणि रात्र असल्याचे एखाद्या मेणबत्तीवरून किंवा चंद्रकोरीवरून ओळखायचे असे. बिहजादने हे संकेत मोडले नाहीत. त्यांच्या आत राहूनच त्याने माणसांना वजन दिले, त्यांच्या हालचालींना कारण दिले. त्याच्या आधीच्या चित्रांत माणसे बहुधा ठरावीक साच्यात उभी दिसतात. त्याच्या चित्रांत ती काहीतरी करीत असतात.

कैरोचे 'बोस्तान'

शिराझचा कवी सादी याने १२५७ साली 'बोस्तान' हा नीतिपर कथाकाव्याचा ग्रंथ पूर्ण केला. सुलतान हुसेनसाठी त्याची जी प्रत तयार झाली, ती आज कैरोच्या दार-अल-कुतुब या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. सुलतान अली मशहदीने ती हिजरी ८९३ मध्ये, म्हणजे १४८८ साली लिहून पुरी केली. सोन्याचे सुशोभन यारी या कारागिराचे आहे. आरंभी सुलतानाच्या मेजवानीचे दोन पानांवर पसरलेले चित्र असून आत चार चित्रे आहेत. या चारही चित्रांवर बिहजादची सही आहे.

सह्या सहज सापडत नाहीत. पहिल्या चित्रात दारा राजा शिकारीच्या वेळी आपल्या लवाजम्यापासून दुरावला आहे. एक माणूस धावत येताना पाहून तो शत्रू असावा अशा समजुतीने राजा धनुष्याला हात घालतो. तो माणूस राजाच्याच घोड्यांचा राखणदार निघतो. हजारो घोड्यांतून हवा तो घोडा मला ओळखता येतो, मग राजाला आपला माणूस का ओळखता येऊ नये, असा त्या कथेचा रोख आहे. चित्रकाराचे नाव राजाच्या भात्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले आहे आणि नावाआधी स्वतःसाठी दास हा शब्द आहे. त्या काळच्या कारागिरांची ही रीतच होती, त्यामुळे तीत विशेष नम्रता पाहण्याचे कारण नाही. पण ज्या कथेत राजाला आपला नोकर ओळखता आला नाही, तिच्या चित्रात नोकराने आपले नाव राजाच्याच शस्त्रावर लपवावे, हा योगायोग वाटत नाही.

दुसऱ्या चित्रात मशिदीच्या दाराशी आलेला एक भणंग भिक्षेकरी आहे. आत कोणी वजूसाठी पाय धुतो आहे, कोणी अंग पुसण्यासाठी कापड पुढे करतो आहे. तिसऱ्यात काझीच्या सभेतील वादविवाद आहे. फाटक्या कपड्यांचा एक विद्वान पुढच्या रांगेत बसतो, त्याला उठवून मागे पाठवतात आणि शेवटी वादात तोच सर्वांना निरुत्तर करतो, अशी ती कथा आहे. चारपैकी या तीन चित्रांत राजा, मशीद आणि काझी या तिन्ही मोठ्या ठिकाणी उपेक्षित माणूस दाराशी किंवा कडेला उभा आहे. अशा कथांची निवड कोणी केली याची नोंद नसली, तरी त्यांतील उपेक्षिताकडे बिहजादने जे लक्ष दिले आहे ते चित्रातच दिसते.

युसुफ आणि झुलेखा

चौथे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. युसुफ आणि झुलेखा यांची कथा कुराणात आणि त्याआधी बायबलातही येते. मिसर देशातील एका अधिकाऱ्याची पत्नी आपल्या रूपवान गुलामावर लुब्ध होते आणि तो तिच्या हातून निसटतो. सादीने 'बोस्तान'मध्ये हा प्रसंग मोजक्या कडव्यांत आटोपला आहे. झुलेखा आपल्या घरातील मूर्तीपुढे लाज वाटून तिच्यावर वस्त्र झाकते. तेव्हा युसुफ तिला बजावतो की दगडाची तुला लाज वाटते, तर मला ईश्वराची का वाटू नये. एवढाच तो प्रसंग. त्यात महाल नाही, जिने नाहीत, बंद दरवाजे नाहीत.

बिहजादच्या चित्रात मात्र पानभर पसरलेला एक महाल आहे. जिना वळणे घेत वर चढतो, एका दालनातून दुसऱ्या दालनात दारे निघतात आणि ती सर्व बंद आहेत. सगळ्यात वरच्या खोलीत झुलेखा झेप घेऊन युसुफचे वस्त्र पकडू पाहते. त्याच्या मस्तकाभोवती प्रेषिताची ज्वाला आहे. या दोघांखेरीज साऱ्या महालात मनुष्यमात्र नाही.

हा महाल सादीचा नसून जामीचा आहे. जामीने त्याच्या काही वर्षे आधी 'युसुफ व झुलेखा' हे काव्य पूर्ण केले होते. त्यात झुलेखा सात दालनांचा महाल बांधून घेते, युसुफला एकेका दालनातून पुढे नेते आणि मागचे दार बंद करते. बिहजादने हा महाल उचलला आणि आपण कोणाचे ऋणी आहोत हेही सांगून ठेवले. चित्रातील कमानीभोवती जामीच्या काव्यातील पंक्ती लिहिलेल्या आहेत. पानाच्या वर, खाली आणि मध्ये सादी, भिंतीवर जामी असे दोन कवी एकाच पानावर एकत्र आले आहेत. चित्रकाराची सही आणि हिजरी ८९३ हे साल महालाच्याच भिंतीवर, शिलालेखासारखे आहे.

जामीच्या काव्यात या दालनांच्या भिंतींवर युसुफ आणि झुलेखा यांची प्रणयचित्रे रंगवलेली आहेत. नजर कोठेही वळली तरी युसुफला तेच दिसावे हा झुलेखाचा बेत असतो. बिहजादने ही चित्रे गाळली. भिंतींवर त्याने फक्त भौमितिक नक्षी ठेवली. जामीसारख्या सूफी कवीच्या दृष्टीने सात दालने म्हणजे जीवाला गुंतवणाऱ्या जगाचे टप्पे, युसुफचे सौंदर्य हे ईश्वरी सौंदर्याचे प्रतिबिंब आणि बंद दारे उघडणारा ईश्वर हाच तेथील एकमेव साक्षी. चित्रात साक्षीदार म्हणून कोणीही माणूस नाही, आणि ही रिकामी जागाच चित्राचा खरा विषय आहे, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. ही मांडणी पटण्याजोगी आहे. साऱ्या महालात दोघांनाच ठेवायचे, तेही अगदी वरच्या कोपऱ्यात, हा निर्णय केवळ सजावटीसाठी घेतलेला दिसत नाही.

पक्ष्यांची परिषद

निशापूरचा कवी फरीदुद्दीन अत्तार (मृत्यू सुमारे १२२१) याचे 'मंतिक-उत-तैर' हे सूफी काव्यातील एक शिखर मानले जाते. जगातील पक्षी आपल्या राजाच्या, सीमुर्गच्या शोधात निघतात. हुदहुद पक्षी त्यांचा वाटाड्या असतो. सात दऱ्या ओलांडून शेवटी फक्त तीस पक्षी पोहोचतात आणि त्यांना कळते की सीमुर्ग म्हणजे आपणच. फार्सीत 'सी मुर्ग' या शब्दांचा अर्थच तीस पक्षी असा आहे.

या काव्याची एक देखणी प्रत हेरातमध्ये हिजरी ८९२ मध्ये, म्हणजे १४८७ साली लिहिली गेली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यातील आठ चित्रांपैकी चार हेरातची आहेत. त्यांवर सही नाही. बिहजादच्या हाताची किंवा त्याच्या वर्तुळातील म्हणून ती ओळखली जातात. एका चित्रात लांबलचक दाढीचा मनुष्य पाण्यात बुडतो आहे. कथेत ही दाढी त्याच्या अहंकाराचे ओझे आहे आणि तीच त्याला खाली ओढते. पण काठावरची मंडळी मोळ्या बांधण्यात आणि लाकूड कापण्यात गुंतलेली आहेत. दुसऱ्यात बापाच्या शवपेटीपुढे मुलगा शोक करतो आहे आणि वर दफनभूमीत मजूर कबर तयार करीत आहेत. झाडावर पाखरांचे घरटे आहे आणि त्याच्या दिशेने साप सरपटतो आहे. कवीने जे उपदेशात सांगितले ते चित्रकाराने आसपासच्या जगात पसरून ठेवले. मरण एका घरी आले असताना शेजारी रोजची कामे चालू असतात, हे अत्तारचे काव्य न वाचलेल्यालाही कळते.

ही प्रत हेरातमध्ये अपुरीच राहिली. सुमारे शंभर वर्षांनी ती शाह अब्बास पहिला याच्या हाती आली. त्याच्या चित्रकारांनी कोऱ्या जागा भरल्या. पक्ष्यांच्या परिषदेचे चित्र त्याच वेळी हबीबुल्लाह या चित्रकाराने काढले. १६०८–०९ मध्ये शाह अब्बासने हा ग्रंथ अर्दबील येथील शेख सफी या सूफी संताच्या दर्ग्याला अर्पण केला. सफवी घराणे आपले मूळ याच संतापर्यंत नेत असे.

निजामीचे चित्रण

निजामीच्या 'खम्सा' या पाच काव्यांच्या संग्रहाच्या दोन प्रती बिहजादच्या नावाशी निगडित असून दोन्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतील १४९४–९५ ची प्रत विशेष प्रसिद्ध आहे. तीत खवर्नक राजवाड्याच्या बांधकामाचे चित्र आहे. गवंडी विटा झेलत आहेत, कोणी चुना कालवतो आहे, कोणी पहाडावर चढला आहे. ज्याच्यासाठी राजवाडा बांधला जात आहे तो राजपुत्र चित्रात कोठेच नाही. दुसऱ्या एका चित्रात खलिफा हमामखान्यात न्हाव्याकडून डोके भादरून घेतो आहे. त्याचा राजवेष उतरलेला आहे आणि भोवती नोकर पाणी घालण्यात, टॉवेल वाळत घालण्यात दंग आहेत. कुठल्याही राजदरबाराच्या चित्रपरंपरेत इतका निर्धास्त विनोद क्वचितच आढळतो.

'जफरनामा' या तैमूरच्या चरित्राच्या एका प्रतीतील दुपानी चित्रेही बिहजादची मानली जातात. ती प्रत अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहात आहे. समरकंदच्या मोठ्या मशिदीच्या बांधकामावर दगड ओढणारा हत्ती तीत दिसतो. हिंदुस्थानच्या स्वारीतून तैमूरने नेलेल्या हत्तींची ती आठवण आहे.

सत्तांतरे

१५०६ साली सुलतान हुसेन मरण पावला. त्याच वर्षी तरुण बाबर हेरातला आला होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने तेथील कलावंतांचा परामर्श घेतला आहे. बिहजादचे काम अतिशय नाजूक असल्याचे तो मान्य करतो; मात्र बिनदाढीचे चेहरे त्याला नीट साधत नाहीत, तो हनुवटी फार लांबवतो, दाढीवाले चेहरे उत्तम काढतो, असेही नोंदवतो. बाबराची नजर अशी होती. ज्याच्या नावाने पुढे त्याचे वंशज भारावून गेले, त्याच्या हनुवट्या त्याने मोजल्या.

१५०७ मध्ये उझबेकांचा खान शैबानी याने हेरात जिंकले. बाबर उपहासाने सांगतो की, या खानाने हातात लेखणी घेऊन सुलतान अलीचे अक्षर आणि बिहजादची चित्रे दुरुस्त करायला घेतली. बाबर शैबानीचा हाडवैरी होता, तेव्हा ही गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असू शकते. १५१० मध्ये शैबानी मर्व येथील लढाईत मारला गेला आणि हेरात सफवी शाह इस्माईलच्या ताब्यात आले. चार वर्षांत शहराचे तीन धनी झाले. जामी आणि नवाई हयात नव्हते. बिहजादच्या आश्रयाची सारी जुनी घडी मोडली होती.

तब्रीझ

यानंतर बिहजाद सफवी राजधानी तब्रीझला गेला. हे स्थलांतर १५१० नंतर लगेच झाले की १५२२ च्या सुमारास, याविषयी दोन मते आहेत. राजपुत्र तहमास्पचे बालपण हेरातमध्ये गेले होते आणि १५२२ मध्ये तो तब्रीझला परतला. त्याच्यासोबत बिहजादही गेला असावा हे मत आज अधिक मान्य आहे. बिहजादची शाही किताबखान्याच्या प्रमुखपदी नेमणूक केल्याचा एप्रिल १५२२ चा फर्मान ख्वांदमीरच्या पत्रसंग्रहात आला आहे.

चाल्दिरानच्या लढाईच्या वेळी (१५१४) शाह इस्माईलने बिहजाद आणि सुलेखनकार शाह महमूद निशापुरी यांना एका गुहेत लपवून ठेवले आणि पराभवानंतर प्रथम त्यांचीच चौकशी केली, अशी एक आख्यायिका आहे. ती मुस्तफा अलीने सत्तर वर्षांनंतर लिहिली. त्या वेळी शाह महमूद जेमतेम वयात आलेला होता, म्हणून इतिहास या दृष्टीने ती टिकत नाही. मात्र कलावंताची किंमत राज्याहून अधिक मानली जावी ही इच्छा तीत स्पष्ट दिसते.

तब्रीझमध्ये बिहजादचे हेरातचे वळण आणि पश्चिम इराणमधील तुर्कमान दरबारांतून आलेली भडक, कल्पनारम्य शैली एकत्र आली. शाह तहमास्पच्या सुप्रसिद्ध 'शाहनामा'त या मिलाफाचे फळ पाहायला मिळते. बिहजाद तेव्हा वृद्ध झाला होता आणि त्याने स्वतः किती चित्रे काढली याविषयी मतभेद आहेत. झुंजणाऱ्या उंटांच्या एका चित्रावर, वयाची सत्तरी उलटल्यावर आपण हे काढल्याचा मजकूर आहे. ते चित्र तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे.

हिजरी ९४२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूवर रचलेल्या एका फार्सी पंक्तीतील अक्षरांच्या मूल्यांची बेरीज बरोबर ९४२ येते. १५४४ साली लिहिणाऱ्या दोस्त मुहम्मदच्या मते तब्रीझमध्ये कवी कमाल खुजंदी याच्या कबरीशेजारी त्याचे दफन झाले. काझी अहमदने मात्र त्याची कबर हेरातला असल्याचे सांगितले आहे. तब्रीझमधील जागा आज 'दोन कमालांची समाधी' म्हणून दाखवली जाते.

सही आणि श्रेय

मृत्यूनंतर बिहजादचे नाव किमतीचा शिक्का झाले. इराण, तुर्कस्तान आणि हिंदुस्थानातील ग्रंथसंग्राहक आपल्याकडे त्याचे एखादे चित्र असावे म्हणून धडपडत. विक्रेत्यांनी ती गरज पुरी केली. असंख्य चित्रांवर त्याचे नाव मागाहून घातले गेले. त्यांतील काही चांगल्या शिष्यांची आहेत, काही कोणाचीच नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकातील संशोधनाचा बराचसा भाग वजाबाकीत गेला. १९३१ साली लंडनला भरलेल्या इराणी कलेच्या मोठ्या प्रदर्शनात कैरोचे 'बोस्तान' ठेवले गेले आणि इतर चित्रे ताडून पाहण्यासाठी एक पक्की कसोटी हाती आली. भात्यावर, भिंतीवर लपवलेल्या त्या बारीक सह्या अशा रीतीने साडेचारशे वर्षांनी उपयोगी पडल्या. ठळक जागी घातलेले नाव संशयास्पद आणि शोधून काढावे लागणारे नाव विश्वसनीय, असा उलटा न्याय या क्षेत्रात रूढ झाला आहे.

शेखजादा, कासिम अली आदी चित्रकारांनी त्याचे वळण पुढे नेले. त्याचा भाचा रुस्तम अली हा नामांकित सुलेखनकार होता. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांच्या 'माझे नाव लाल' (१९९८) या कादंबरीतील चित्रकार बिहजादला आपला आदर्श मानतात. त्याने सुईने स्वतःचे डोळे फोडून घेतल्याचा तीतील प्रसंग काल्पनिक आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. अनेक वाचक तो इतिहास समजतात.

हिंदुस्थानातील वारसा

बिहजाद हिंदुस्थानात कधी आला नाही, पण त्याची चित्रे आली. तब्रीझच्या दरबारातील मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे चित्रकार हुमायूनच्या आश्रयाला आले आणि त्यांच्या हाताखाली मुघल चित्रशाळा उभी राहिली. अकबराच्या चित्रकारांची थोरवी सांगताना अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बिहजादचेच माप लावले आहे. 'जफरनामा'ची वर उल्लेखिलेली प्रत अकबर, जहांगीर आणि शाहजहान यांच्या ग्रंथसंग्रहात होती.

जहांगीराला चित्र पाहून चित्रकार ओळखण्याचा अभिमान होता. निजामीच्या १४९४–९५ च्या प्रतीवर त्याने स्वतः नोंद केली. तीत बावीस चित्रांपैकी सोळा बिहजादची, पाच मीरकची आणि एक अब्दुर्रज्जाकचे असे श्रेय दिले आहे. आधुनिक अभ्यासक यांतील सगळे श्रेय मान्य करीत नाहीत. वृद्धापकाळी काढलेले उंटांचे चित्रही जहांगीराच्या संग्रहात आले होते. १६०८–०९ मध्ये त्याने आपल्या नन्हा या चित्रकाराला ते समोर ठेवून हुबेहूब नक्कल करण्यास सांगितले. नन्हाने उंट तसेच ठेवले आणि मूळ चित्राला धरून नवे चित्र पुरे केले.